कर्नलमधला लहान आकडा

गोरव्याच्या आमच्या कारखान्यात एका युनिक्स संगणकावर दहा जण आपापल्या पडद्यावरून काम करायचे. नऊ जण बसले की दहावीला, म्हणजे मला, मशीन आत घेईना. साहेब नवं मशीन आणायचं म्हणत होते. देखभालीला हरणीहून एक गुजराती गृहस्थ येत. चपला काढून ते आधी मशीनलाच "केम छो?" विचारत.

"मशीन चांगलंय, ताई," ते म्हणाले. "एकावेळी किती फायली उघडायच्या, तो कर्नलमधला, म्हणजे युनिक्सच्या गाभ्यातला, आकडा लहान आहे. नऊ जणांच्या फायलींतच तो संपतो."

जुन्या कर्नलची प्रत ठेवून त्यांनी आकडा वाढवला, नवं कर्नल बांधलं, मशीन पुन्हा सुरू केलं. नऊ जणांना बसवलं. "हवे तुम्ही! आता तुमची पाळी, ताई."

मी नाव टाइप केलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी हसले, तशी त्यांनी टाळी वाजवली, "थई गयुं! झालं काम!"