सुनीताचं वाक्य

हे घरात कुणालाच माहीत नाही. सुनीताला तर नव्हतंच — आणि आता तिला सांगताही येणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

सुनीता माझी धाकटी बहीण. ती भरवेलीला, मी इथे बालाघाटात. पडद्यावरच्या परग्रहवासीयांसाठी कुणीतरी क्लिंगॉन नावाची भाषा मुद्दाम घडवली आहे — ती आम्ही दोघी मोबाइलवर शिकत होतो. हसू नका! तिच्यात कर्म आधी, मग क्रियापद, कर्ता सगळ्यांत शेवटी. तांदूळ निवडता निवडता आम्ही फोनवर ही उलटी वाक्यं बोलायचो. इतकी मजा मला एम.ए. करतानाही आली नव्हती.

एका दुपारी तिचा फोन — धाप लागलेली.

"ताई, कुत्रा मांजरीमागं धावला, अन् मी पाह्यलं — पण कोणाले पाह्यलं? कुत्र्याले का मांजरीले? वाक्य तं एकच बनून राह्यलं!"

मी कागदावर मांडून पाहिलं. खरंच! 'मांजरीचा पाठलाग करणारा कुत्रा' आणि 'कुत्र्याने पाठलाग केलेली मांजर' — क्लिंगॉनमध्ये दोन्हींचे शब्द तेच, क्रमही तोच. अंगावर काटा आला. हे लिहितानाही येतोय. आमच्या धड्यांत हे कुठेच नव्हतं. तिने एकटीने शोधलं होतं.

आणि मी? मला का नाही दिसलं — एवढंच माझ्या मनात आलं.

ऑनलाइन वर्ग इंग्रजीत चालायचा. सुनीताला इंग्रजी येत नसे. तिचं म्हणणं मीच सांगायची. त्या संध्याकाळी ती हातवारे करत सगळं मराठीत बोलली. मी इंग्रजीत सांगितलं — हिचा शब्दांच्या क्रमात गोंधळ होतोय. शिकवणारे प्रेमाने हसले. पहिले धडे पुन्हा करा, म्हणाले.

"काय म्हणे वो ते?" तिने विचारलं.

"असं काही नसतं म्हणे. पहिल्यापासून कर."

"हौ, माहंच डोकं उलटं!" ती खळखळून हसली.

पुढे एकदा ती वर्गाला नव्हती, तेव्हा तेच वाक्य मी माझं म्हणून मांडलं. केवढं कौतुक झालं! — आणि मला आवडलं ते. अजून काय सांगू?

ती मात्र खरंच पहिल्यापासून करू लागली. शेवटच्या आजारपणात, सलाइन लावलेल्या हातात मोबाइल धरून, ती पहिलाच धडा म्हणत होती. एकही चूक नाही. मी खाटेशेजारी बसून तिला 'शाबास' म्हणाले.