सकारण गैरहजर

नुसतं बसून राहण्याची कला जगात एकाच माणसाला साधली आहे, आणि तो माणूस माझा साडू आहे. जवळा बाजारच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले हे गुरुजी शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करतात म्हटलं की लोकांना वाटतं, काय धावपळ असेल! छे! गुरुजी सकाळी कडुलिंबाखाली खुर्ची टाकतात, बाजार अमुक पातळीच्या खाली जाणार नाही असं धरून तिथला एक पुट, म्हणजे बाजार त्याखाली गेला तर भरपाई देण्याचा करार, विकतात, गेलाच तर फार झळ बसू नये म्हणून त्याहून खालचा, स्वस्तातला एक विकत घेतात, आणि दोन्हींच्या किमतींतला फरक खात्यात जमा झाला की सोयाबीनकडं बघत बसतात. "आता काय करायचं?" मी एकदा विचारलं. "काई न्हाई. दिवस कलू द्या. येळ जातो तसा त्या पुटाचा भाव वितळून राहतो. आपुन येळ विकतो, बापू." कुठंतरी ट्रॅक्टर घुमत असे, पानं हलत, आणि मलाही अशी गुंगी येई की घरी जायचं भान राहत नसे.

शनिवारी मात्र हाच माणूस परीक्षक होई. शाळेतल्यासारखी प्रगतिपत्रकाची वही, तांबडी शाई, आणि आठवड्यातल्या प्रत्येक सौद्याला शेरा. नियम पाळून तोटा झाला तर "उत्तीर्ण, वर्तन चांगले." नियम मोडून नफा झाला तर "कॉपी केली, शून्य." मी म्हटलं, "अहो, पैसे तर आले ना!" तर माझ्याकडं असं पाहिलं, जणू खिडकीतून कॉपी मीच पुरवली होती.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं: लागोपाठ दहा सौदे उत्तीर्ण झाले की हिला समुद्र दाखवायचा. ही म्हणजे त्यांची बायको, आमची अक्का. बिचारीनं जन्मभर नवऱ्याच्या नकाशातले समुद्र पाहिले, खरा एकही नाही. पैशाची अडचण नव्हती, अडचण गुरुजींचीच होती. तीनदा नऊवर येऊन घाई नडली, की पुन्हा एकपासून. कधी निघताय विचारलं की अक्का हसून म्हणे, "मास्तर पास झाले की."

यंदा चौथ्यांदा नऊ झाले. दहाव्याच्या दिवशी बाजार घसरला. सुरुवातीला जमा झालेल्या पैशाच्या दुप्पट तोटा दिसला की निमूट बाहेर पडायचं, हा नियम. तोटा तिथवर पोचतोय तोच आत भांडं पडलं. अक्काला चक्कर आली होती. सौदा न मिटवताच मोबाईल खुर्चीवर टाकून गुरुजी धावले. माझ्या गाडीतून हिंगोलीचा दवाखाना गाठेपर्यंत तिचा हात धरून एकच म्हणत होते, "डोळे मिटू नको गं." रक्तदाब उतरला होता. सलाईन लावून संध्याकाळी घरी आणली, तोवर बाजार आपोआप सावरून सौदा नफ्यात मिटला होता.

शनिवारी शेरा पडला: "नियम मोडला, शून्य." मला असा संताप आला! "गुरुजी, काय चालवलंय हे?" "नियम तो नियम," ते पुटपुटले. अक्कानं वहीच ओढली. "पोरगं घरच्याच्या दुखण्यानं पेपरला आलं न्हाई, तर नापास करत व्हते का तुमी?" तिनं शून्य खोडून वाकड्या अक्षरात लिहिलं, "सकारण गैरहजर. फेरपरीक्षा." त्यांचा शेरा आजवर कुणी बदलला नव्हता. बराच वेळ ते वाचत राहिले, मग खाली सही केली.

फेरपरीक्षेत पास झाले. नियमानं, थोड्या तोट्यात.

परवा त्यांच्या अंगणातल्या झाडांना पाणी घालायला गेलो आणि रिकाम्या खुर्चीत टेकलो, तर गुरुजींचा फोन. बहुधा खिशातच लागलेला. पलीकडं नुसत्या लाटा. मग त्यांचा आवाज, "चल की आता, दिवस बुडाला." आणि अक्काचा, "बसा हो जरा. काई करायचं न्हाई." मला फोन ठेववेना.