आमच्या गाडीचा सायरन

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीतही जमलं नव्हतं, आणि पुढे शाळाच सुटली. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलं, तर चुका पोटात घाला.

तलासरीहून डहाणूकडे येताना आमचा पाडा लागतो. रस्त्याला लागूनच खळं आहे, आणि त्या खळ्यात आमची व्हॅन उभी असायची. घरापर्यंत गाडी जाईल अशी वाट नव्हती. व्हॅन जुनीच, २०१७ साली घेतलेली. माझा नवरा तिच्यातून डहाणू रोड स्टेशनपर्यंत पॅसेंजर सोडायचा.

गाडीचे पैसे माझ्या नणंदेने दिले होते. ती वाणगावला राहते, मिरची लावते. घरावर स्लॅब टाकायला साठवलेले पैसे तिने भावाच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "गाडी चालेल तसे दे. तोवर मी पत्र्याखाली आहेच." म्हणजे गाडी गेली असती तर आमचं पोटही गेलं असतं आणि तिचं छप्परही.

पुढच्या वर्षी एका सकाळी बघतो तर सीटखालची बॅटरी गायब. नवी येईपर्यंत गाडी उभी राहिली आणि नणंदेला द्यायचे पैसे चुकले.  

नवऱ्याने स्टेशनजवळच्या दुकानातून सायरनचा डबा आणला. फिटिंगवाला मजुरी मागत होता आणि गाडी दिवसभर ठेवून जा म्हणत होता. नवरा मला म्हणाला, "कंपनीत वायरी तूच जोडायचीस ना? मग ही पण जोड."

लग्नाआधी मी उंबरगावला स्विचच्या कंपनीत जायचे. वायर सोलायची, पीळ द्यायचा, स्क्रूखाली दाबायची, एवढंच काम. गाडीत कधी डोकं घातलं नव्हतं. मला दुकानात मीठ मागतानाही आवाज फुटत नाही, आणि इथे भर खळ्यात, सगळ्यांसमोर, स्टिअरिंगखाली उताणं पडायचं. पदर खोचला आणि पडले.

डब्यातला माहितीचा कागद इंग्रजीत होता, पण चित्रात रंग दाखवले होते. लाल वायर बॅटरीला, पांढरी चावीच्या वायरीला, काळी गाडीच्या पत्र्याला. सगळं जोडून बटण दाबलं, तर काहीच नाही. बराच वेळ शोधल्यावर लक्षात आलं, काळी वायर मी रंग दिलेल्या बोल्टखाली दाबली होती, आणि रंगातून करंट जात नाही. कोयत्याच्या टोकाने रंग खरवडला, वायर परत दाबली, आणि सायरन असा किंचाळला की माझं डोकं स्टिअरिंगवर आपटलं.

शेजारची आजी ओट्यावरून ओरडली, "अगं, कुणाला कापलं काय?"

डब्यात धक्का ओळखणारी एक डबी होती आणि तिच्यावर बारीक स्क्रू. जितका फिरवाल तितका बारीक धक्काही डबीला कळतो. चोर सुटू नये म्हणून मी तो पार शेवटपर्यंत फिरवला होता. मग काय, कोंबडी टपावर बसली की सायरन. बकरीने अंग घासलं की सायरन.

"तुझ्या गाडीला दात येतायत का गं?" आजी म्हणायची. "दिवसभर रडते."

आज स्क्रू मागे घेऊ, उद्या घेऊ, असं करता करता थंडी आली, आणि आमच्याकडे जमीन हलायला लागली. आधी खालून सुरुंग लावल्यासारखा आवाज यायचा, मग मांडणीवरची भांडी वाजायची. लोक घरात निजेनात. खळं मोकळं, म्हणून सगळ्या पाड्याने तिथेच ताडपत्र्या बांधल्या. धक्का बसला की आमचा सायरन वाजायचा. कधी धक्का इतका बारीक असायचा की खरा का भास, ते कळायचं नाही. सायरन वाजला म्हणजे खरा. मी स्क्रूकडे हात नेला तर आता आजीच म्हणाली, "राहू दे तसाच. रडू दे तिला." लहान मुलंसुद्धा शिकली, सायरन वाजला की खळ्यात पळायचं आणि खाली बसायचं.

एका दुपारी सगळे जेवायला आपापल्या घरात गेले होते. सायरन वाजला. ताटं टाकून अख्खा पाडा धावत सुटला, मीही धावले. खळ्यात पोचलो तर व्हॅनपाशी दोन अनोळखी माणसं. एवढी माणसं अंगावर धावून येताना बघून ते जागीच थिजले होते.

आजी त्यांच्यावर खेकसली, "अरे, उभे काय राहिलात? खाली बसा, डोकं सांभाळा!"

ते दोघे खरंच बसले. आमच्यातच.

मी मात्र घरातून निघताना ओट्यावरच्या हंड्याकडे पाहिलं होतं. काठोकाठ भरलेला हंडा, आणि पाणी हललं नव्हतं. आता नीट बघितलं तर गाडीचं दार उघडं, सीट उचललेली, आणि एकाच्या हातात पाना.  आजीच्या कानाशी वाकून म्हटलं, "आजी, जमीन नाही हलली. हे आमची बॅटरी काढतायत."

"काय?"

"बॅटरी."

आजी ताडकन उठली. "अरे मेल्यांनो! चोर आहेत हे, आणि मी यांना डोकं सांभाळा सांगते!"

पाना टाकून दोघे रस्त्यावर लावलेल्या मोटारसायकलकडे पळाले. माझा नवरा आणि चार पोरं रस्त्यापर्यंत मागे धावली, पण ते तोवर निसटले. मागे आजी हसून हसून पुन्हा खाली बसली.

बॅटरीची एकच वायर सुटली होती. त्यांच्याच पान्याने मी ती घट्ट केली. संध्याकाळची स्टेशनची फेरी वेळेवर निघाली.

त्यानंतर एकही हप्ता चुकला नाही. २०१९च्या उन्हाळ्यात उरलेले पैसे घेऊन मी एकटीच वाणगावला गेले. नणंद शेतात मिरची तोडत होती. हात तिखट झालेले, म्हणून म्हणाली, "माझ्या कमरेच्या पिशवीत घाल." मी घातले.

"किती राहिले आता?"

"काही नाही, ताई. सगळे आले."