छगनआचाऱ्याच्या बंद झालेल्या नऊ गोळ्या

मिरजगावच्या आसपास छगननानांच्या शिपी आमटीशिवाय, म्हणजे मिश्र डाळींच्या झणझणीत आमटीशिवाय, पंगत उठली, तर लोक ती पंगत धरतच नसत. हजार पानांची आमटी असो, हा आचारी चमच्यानं चाखायचा नाही. नाना पळीतला एक थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि "मीठ, दोन मुठी" एवढंच म्हणायचे. माप-वजन त्यांना ठाऊक नव्हतं. स्वभाव आमटीहून तिखट. खुद्द नवरदेवाच्या बापाला त्यांनी चुलीजवळून हाकलल्याचं मी पाहिलंय.

माझं मेडिकलचं दुकान आहे, आणि नाना पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम असं सगळं चालू होतं. गेल्या दिवाळीत पोटात कॅन्सरची गाठ निघाली, तीही यकृतापर्यंत पोचलेली. तिची औषधं वाढली आणि गोळ्यांचा आकडा तेरावर गेला. बनुकाकू त्या मिसळणाच्या डब्यात ठेवायच्या. हळदीच्या वाटीत बीपी, जिऱ्याच्या वाटीत शुगर. सकाळी गोळ्या आणि वर तांब्याभर पाणी झालं की नाना ढेकरच द्यायचे. भाकरीला पोटात जागा कुठली? त्यात जिभेची चव गेलेली.

हट्ट एकच होता. नात ज्ञानेश्वरीचा साखरपुडा महिन्यावर आला होता. "त्या दिवशीची आमटी म्या चाखनार. मग काय व्हायचं ते हू दे," नाना सगळ्यांना सांगत. मेलेल्या जिभेनं चाखणार काय, हे विचारायची हिंमत कुणाला नव्हती.

नगरहून डॉक्टर धनश्री घरी येऊन नानांना तपासत. त्यांनी एक दिवस तो डबा उघडला आणि तेरांतल्या नऊ गोळ्या बंद करायला काढल्या, काही लगेच, काही हळूहळू. दुखण्याची, उलटीची, पोट साफ होण्याची आणि झोपेची तेवढी ठेवली. "ही कोलेस्टेरॉलची गोळी दहा वर्षांनी हार्ट अटॅक येऊ नये म्हणून असते, नाना."

"धा वर्सं? बाई, तुमच्या तोंडात साखर पडो," नाना म्हणाले.

काकूंचा चेहरा मात्र उतरला. त्यांची जाऊ भीमाबाई तर तोंडावर बोलली, "पंधरा वर्सांच्या गोळ्या बंद केल्या, म्हंजी मानूस सोडलाच की!"

बारा-तेरा दिवसांत नाना अर्धी भाकरी खाऊ लागले. ठेच्यात लसूण कमी पडला म्हणून भांडलेसुद्धा. घरात आनंदीआनंद. आणि नेमक्या त्याच दिवशी काकू माझ्या दुकानात.

"कल्याणभाऊ, बीपीची तेवढी द्या. डॉक्टरीनबाईला सांगू नगा."

मी दिली. एरवी गावाला शहाणपण शिकवणारा मी, पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून अक्कल गहाण पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज चौकशीला गेलो. नाना जेवत होते. पहिला घास घेतला आणि थांबले. वाटीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"ह्यात काय घातलंय?"

"कुटं काय? मेथी जळली आसंल," काकू म्हणाल्या.

"चाळीस वर्सं आमटी केली म्या. ह्यो कडूपना मेथीचा न्हाई. ह्यो कल्यानच्या दुकानातला हाय."

मी चपला शोधू लागलो.

काकूंनी खलबत्त्यात गोळी कुटली होती. त्या रडायलाच लागल्या. "गोळ्या बंद केल्या आन तुमी गेलात, तर लोक म्हनतील, बनुनंच मारलं. म्या काय तोंड दाखवू?"

नानांनी वाटी बाजूला सारली.

"आगं, आमटी हुत आली की लाकडं भाईर कोन वडतं?"

"मीच."

"मग तवा चूल इजवतीस व्हय? निखारं ऱ्हातातच की खाली. तसंच हाय हे. मला आता जाळ नगं. ऊब ऱ्हाऊ दे."

मला माझीच लाज वाटली. तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावून कबूल केलं. शिव्या सोडून त्यांनी सगळं ऐकवलं.

साखरपुड्याला नानांना खुर्चीतून चुलीजवळ आणलं. आमटी काकूंनी केली होती. नानांनी थेंब चाटला.

"येक मूठ मीठ."

काकूंनी मीठ टाकलं. नानांनी पुन्हा चाटला. "वाढा आता!" म्हणाले, आणि स्वतः दोन वाट्या आमटी चुरलेल्या भाकरीबरोबर खाल्ली. मी तीन खाल्ल्या, रात्रभर पोट धरून बसलो.

त्यानंतर विसाव्या दिवशी नाना गेले, झोपेतच. दहाव्याला सगळ्या बायकांत भीमाबाईनं विषय काढलाच, "गोळ्या बंद केल्या नसत्या तर..."

काकूंनी डोळे पुसले आणि तिच्याकडे सरळ बघितलं.

"व्हय, केल्या बंद. माजा मानूस जेवून गेला."