नादारीची पाहणी

मी मराठी चौथीपर्यंत शिकलो. पुढे शिकलो नाही ते डोकं नव्हतं म्हणून नव्हे. वर्गात माझा नंबर पहिला असे, आणि हे सांगताना मला कसला संकोच वाटत नाही. परळला गिरणीजवळच्या चाळीत आमची एक खोली. वडील साचेखात्यात, मागावर विणकर. गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगाने, मुंबई ओस पडली, त्याच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट.

इंग्रजी शाळेची फी वडिलांना झेपणारी नव्हती. आमच्या ज्ञातीतल्या चार शिकलेल्या मंडळींनी गिरगावात फंड काढला होता. गरिबाच्या मुलाची फी फंड भरी, लोक त्याला नादारीच म्हणत. त्या साली जागा एकच, आणि आमच्या चाळीतून अर्ज दोन. एक माझा, दुसरा शेजारच्या काकीच्या मुलाचा. तो माझ्याच वर्गात, पण बराच खाली. फंडाचे वकील घरी येऊन गरिबी डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार, असा निरोप आला.

शहाण्याने काय करावं? घर आहे तसं ठेवावं. पण आई पडली कोकणातली.

"वकील घरात येणार नि त्याला मडक्यातलं पाणी करवंटीतून देऊ? भिकाऱ्याच्या घरात विद्या कोण आणून ठेवील?"

वडील म्हणाले, "अगो, गरिबीच बघायला येतोय तो!"

"बघूदे. पण घर माणसांचं आहे, हेपण बघूदे."

ती शेजारी गेली. काकीने पितळेची घागर, तपेली, तांब्या, पेले, डबे, सगळं काढून दिलं. "ने गो, सगळंच ने. पाव्हणा बरा दिसला पाहिजे." काकीच्या लग्नात आलेली भांडी ती, प्रत्येकावर तिच्या नवऱ्याचं नाव घातलेलं. आईने नावाची बाजू भिंतीकडे करून ती फळीवर मांडली. खोली अशी चकाकली की मलाच परक्याच्या घरात आल्यासारखं वाटलं.

वकील आले. पगडी, उपरणं, हातात काठी. आईने तांब्यापेला पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी तांब्या हातात फिरवला, फळीकडे पाहिलं आणि मला जवळ बोलावलं.

"पहिला नंबर ना रे तुझा? चष्मा घरी राहिलाय माझा. यावर नाव आहे, ते वाच बघू."

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे ताठ झालेले मला दिसले. खरं नाव वाचलं तर भांडी उसनी ठरतील, गरिबी ठरेल, नादारी मिळेल, हे मला तेव्हाही कळत होतं. मी मूर्ख नव्हतो. पण परक्या माणसापुढे आई उघडी पडली असती. मी खणखणीत आवाजात माझ्या वडिलांचं नाव वाचलं.

वडिलांनी खरं सांगावं तर पोरगा खोटारडा ठरतो.

"वा!" वकील हसले. "वाचतोस झकास. पण बाबा रे, नाव घातलेली एवढी भांडी ज्याच्या घरात, त्याने फंडापुढे हात पसरावा? खऱ्या गरिबाच्या तोंडचा घास काढता तुम्ही लोक."

उठले आणि तडक शेजारी गेले. मध्ये फळ्यांची भिंत, शब्दन्शब्द ऐकू येई.

"अरेरे! फळीवर एक भांडंसुद्धा नाही?"

"पोटापुढे भांडी कुठली टिकतात, रावसाहेब," काकी म्हणाली.

नादारी तिच्या मुलाला मिळाली.

संध्याकाळी आईने भांडी चिंच-राख लावून घासली. उसनं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून तांब्यात घरातली होती नव्हती ती साखर घातली. काकीने एकेक भांडं उलटसुलट बघून घेतलं नि मला म्हणाली, "तू खरं वाचलं असतंस तर मी कुठे अडवणार होते रे?"

आई घरी आल्यावर बोलली ते एवढंच, "तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?" दोन दिवस तिने मला हाताने वाढलं नाही. सोमवारी वडिलांनी मला गिरणीत नेलं. मुकादमाने माझे दात बघून वय ठरवलं आणि सुताच्या बाबिणी उचलायला लावलं. काकीचा मुलगा पुढे पोस्टात कारकून झाला. रस्त्यात भेटला की मीच तोंड फिरवी.

माझा मुलगा मराठी चौथी पास झाला तेव्हा हेडमास्तरांनी नादारीचा छापील अर्ज घरी धाडला. खाली माझी सही हवी होती, मी गरीब आहे म्हणून.

"बाबा, सही करा ना," तो म्हणाला. "सगळेच करतात."

मी अर्ज फाडला. फी भरायची ऐपत नव्हती, तेव्हा शाळा तिथेच सुटली. बायकोने डोकं आपटून घेतलं. आता तो माझ्याच खात्यात आहे, माझ्या साच्यापासून चौथ्या साच्यावर. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तो दुसरीकडे बसतो. बसूदे.