माझ्या घंटीवर न हलणारी गाडी

मी कंडक्टर झाले ते काही नवीन करून दाखवायला नव्हे. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पिरंगुटच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं आणि अब्बांना मोतीबिंदू झाला होता. गिऱ्हाइकाचा हात हातात धरला की ते माप अजून अचूक सांगायचे, पण हिरवी मागितली की निळी काढून द्यायचे. घर आता माझ्यावर आलं होतं. तेवढ्यात जवळच्या कारखान्यात बायका कामाला लागल्या आणि त्यांना आणणाऱ्या गाडीत बाई हवी म्हणून साहेबांनी मला घेतलं. म्हणाले, महिनाभर बघू, मग ड्रायव्हरला विचारू. तो नको म्हणाला तर घरी.

झालं! माझं नशीब त्या माणसाच्या मिशीत जाऊन अडकलं.

कारखान्याच्या तिन्ही ड्रायव्हरांनी फाटकाशी बैठक भरवली. मी समोर उभी, पण बोलणं सगळं हवेशी. "बाई गाडीत असली की शिव्या देता येत न्हाईत," माझा ड्रायव्हर म्हणाला, "आन शिव्या दिल्याबिगर ही गाडी घाट चढत न्हाई." दुसऱ्याला पानाची पिचकारी मारायची लाज वाटणार होती. तिसऱ्याला कारणच सुचेना, तो नुसता "व्हय, व्हय" करत राहिला. मी म्हटलं, "काका, तुमी गाडी चालवा, शिव्या मी देते." दोघं हसले. माझा काही हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं संप पुकारला, पण फक्त माझ्या घंटीपुरता. माणसं चढली, मी पास बघितले, डबल घंटी दिली की गाडीनं निघायचं, एवढा साधा कायदा. मी दोरी ओढायची आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून समोरचा डोंगर बघत बसायचा. शेवटी त्याच्या मागच्या सीटवर बसणारे कारखान्याचे म्हातारे वॉचमन उठून दोरी ओढायचे, तेव्हा कुठे गाडी हलायची. पोरी फिदीफिदी हसायच्या. वॉचमनना तर भारीच चेव आला. टोपी नीट करायची, घसा खाकरायचा, मग घंटी. एकदा त्यांना डुलकी लागली तर गाडी उरवड्याच्या थांब्यावर दहा मिनिटं उभी! "अहो, आजोबांना उठवा कुणीतरी!" मी ओरडले. कंडक्टरला सगळे ड्रायव्हर मास्तर म्हणतात. मला त्यानं कशानंच हाक मारली नव्हती. त्याचं वाईट वाटायचं मला, खोटं कशाला सांगू? घरी अब्बा विचारायचे, "ड्रायव्हर कसा हाय गं?" मी सांगायची, "लई चांगला."

महिना संपायला चार दिवस होते. मुठे गावाकडून गाडी भरून येत होतो आणि घाटात असं धुकं की पुढचं वळण दिसेना. समोरून बांबूनं लादलेला ट्रक आला. त्याला मागे जाणं शक्यच नव्हतं. आम्हालाच मागच्या रुंद वळणापर्यंत सरकायचं होतं आणि एका बाजूला दरी. अशा वेळी कंडक्टरनं खाली उतरून पत्र्यावर थापा मारत चालायचं. एकेक थाप म्हणजे येऊ दे, लागोपाठ दोन म्हणजे थांब. आरशात काही दिसत नसलं की ड्रायव्हरला तेवढाच आधार.

"वॉचमन, तुमी उतरा," ड्रायव्हर म्हणाला.

"मला माजीच चप्पल दिसंना," वॉचमन म्हणाले.

मी उतरले. विचारलंच नाही. दरीच्या बाजूनं पत्र्याला चिकटून मागे मागे चालू लागले. ह्यानं ऐकलंच नाही तर? आत एवढी माणसं! एक थाप मारली. गाडी सरकली. आणखी एक. सरकली. मग मागचं चाक कडेच्या मुरमात घसरताना दिसलं आणि मी दोन थापा अशा हाणल्या की हातातल्या बांगड्या खळ्ळकन फुटल्या.

गाडी जागच्या जागी थांबली.

त्यानं जरा पुढे घेतली, चाक वळवलं. मी पुन्हा थाप दिली आणि तो पुन्हा मागे आला, अगदी माझ्या हाताच्या तालावर. ट्रक निघून गेला. मी वर चढले तेव्हा मनगटातून रक्त येत होतं. त्यानं ते बघितलं. गळ्यातला रुमाल सोडून मागे दिला, तोही वॉचमनच्या हातून. मेला!

पुढच्या थांब्यावर माणसं चढली. वॉचमननी टोपी नीट केली, घसा खाकरला, डबल घंटी दिली. गाडी हलेना. त्यांनी पुन्हा दिली. हलेना.

"आरं, आता काय झालं?"

"तुमी बसा," तो म्हणाला. मग मान वळवून महिन्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, घंटी द्या."

मी रुमाल बांधलेला हात वर केला, पण डोळ्यांत पाणी आलेलं, दोरीच दिसेना. चाचपडत राहिले. वॉचमन मदतीला उठले तर त्यानं डोळे वटारून त्यांना खाली बसवलं. कारखान्याला उशीर होत होता, तरी इंजिन चालू ठेवून तो थांबला होता, माझ्या हाताला दोरी लागेपर्यंत.