डायरेक्टर सरांना झाकणारा मॉनिटर

मुखेडहून आलेले पालक केबिनमध्ये शिरले आणि मॉनिटरच्या पाठीसमोर बसले.

"सर न्हाईत का?" त्यांनी मला विचारलं. मी एक प्रूफ दाखवायला तिथंच उभा होतो.

"हाय की. बोला," मॉनिटरमागून आवाज आला.

पालक दचकले. "सर, तुम्ही ऑनलाइन बोलायलात काय?"

लातूरच्या आमच्या क्लासचे डायरेक्टर मान वाकडी करून बाजूने डोकावले. वास्तविक तो त्रेचाळीस इंची मॉनिटर माझ्या टेबलासाठी आणलेला.

मी क्लासच्या मटेरियल सेक्शनला आहे. सराव परीक्षांचे पेपर टाइप करतो, पानं लावतो, तपासतो. भूकंपानंतर नांदेडहून इथं आलो, तेव्हा पुनर्वसनाच्या याद्या चौदा इंची पडद्यावर टाइप करायचो. तेव्हा डोळेही चांगले होते. आता पेपर द्विभाषिक असतात, म्हणजे प्रत्येक प्रश्न इंग्रजीत आणि मराठीतही. दोन्हींच्या फाइली वेगळ्या. छोट्या पडद्यावर एक फाइल वाचायची, ती झाकून दुसरी उघडायची आणि मधल्या वेळात पहिलीतलं लक्षात ठेवायचं. माझ्या वयाला हा मधला वेळ धोक्याचा. गेल्या पेपरात इंग्रजीत ग्रॅम गेलं आणि मराठीत किलोग्रॅम.

"मठपती काका," सर म्हणाले होते, "पुढच्या पेपरात चूक निघाली तर काम पुण्याच्या एजन्सीला. सेक्शन बंद."

सेक्शन म्हणजे मी एकटाच.

म्हणून दोन्ही फाइली शेजारी मावतील असा पडदा मी मागितला. सरांनी तो मंजूरही केला. पण खोकं उघडलं आणि त्यांचं मत बदललं. संस्थेतली सगळ्यात मोठी वस्तू डायरेक्टरच्याच टेबलावर शोभते म्हणे. तिच्यावर ते व्हॉट्सॲप बघत.

मुखेडचे पालक "घरी विचारून सांगतो" म्हणत उठले. सर मान चोळत राहिले.

"काका, हे लईच मोठं झालं हो."

"मॉनिटर मोठा नाही सर, टेबल लहान आहे," मी म्हणालो. "तुम्ही भिंतीवरचा घ्या. पालकांना तुम्ही दिसायला पाहिजे."

हे त्यांना एकदम पटलं. त्याच संध्याकाळी मॉनिटर माझ्या टेबलावर आला.

माझे पहिले काही दिवस वाईट गेले. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बघून मान दुखायची. माउसचा बाण हरवायचा. मग टेबल भिंतीपासून ओढलं, पडदा मागे सरकवला, त्याचा उजेड कमी केला. मधोमध दोन्ही भाषा ठेवल्या आणि कडेला 'की', म्हणजे उत्तरसूची. तेव्हा कुठं मान ताळ्यावर आली.

केमिस्ट्रीच्या मॅडम जाता-येता विचारायच्या, "काका, पिक्चर कोणता लागलाय?"

"विज्ञानपट आहे, मॅडम. इंटरव्हल नाही."

पुढचा पेपर आला. बायोलॉजीच्या एका प्रश्नात इंग्रजीत 'इनकरेक्ट' विधान ओळखायचं होतं. शेजारी मराठीत होतं: 'अचूक विधान ओळखा.' भाषांतर करणाऱ्याने करेक्टच्या आधी 'इन' पाहिलं आणि इमानदारीने चूकच्या आधी 'अ' लावला. वेगवेगळी वाचली तर दोन्ही वाक्यं निर्दोष. शेजारी ठेवली की एकमेकांच्या विरुद्ध. मराठीतून वाचणारं पोरगं बरोबर विधान शोधून खूण करणार आणि त्याबद्दल त्याचे मार्क कापले जाणार.

मी सरांकडे गेलो. "सर, एक 'अ' काढतोय."

"एका अक्षरासाठी आलात होय?"

"निगेटिव्ह मार्किंग आहे, सर."

सरांनी प्रश्न दोनदा वाचला. "काढा, काढा. लवकर काढा."

पेपर झाला. मराठीतून सोडवणाऱ्यांची एकही तक्रार आली नाही. एजन्सीचं नाव पुन्हा निघालं नाही. सरांच्या भिंतीवर आता माझ्याहून मोठा पडदा आहे. त्यावर टॉपर्सचे फोटो फिरतात, मधूनमधून सरांचाही येतो.

मोठ्या पडद्याने माणूस हुशार होत नाही. त्याला दोन गोष्टी एका वेळी दिसतात, एवढंच. माझी नोकरी तेवढ्यावर टिकली.